क्लोपिडोग्रेलच्या रुग्णांचे जनुकीय अहवाल : एकाच बदलाची इतकी नावे, नोंदवहीत कोणते लिहावे?

नोंदवहीवाला

नमस्कार. मी औषधशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. स्टेंट बसवलेल्या आणि क्लोपिडोग्रेल चालू असलेल्या रुग्णांचे सीवायपी२सी१९ या जनुकाचे अहवाल एकत्र करून त्यांची नोंदवही तयार करणे हा माझ्या प्रबंधाचा भाग आहे. क्लोपिडोग्रेल पोटात गेल्यावर लगेच काम करीत नाही. यकृतातल्या विकरांनी त्याचे रूपांतर केल्यावरच ते प्लेटलेटना आवर घालते, आणि या रूपांतरात सीवायपी२सी१९चा वाटा मोठा असतो, हे येथील बहुतेकांना ठाऊकच असेल. ज्यांच्यात हा विकर काम करीत नाही त्यांच्यात औषधाचा परिणाम कमी पडतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०१० मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतली ताकीद छापायला लावली. भारतीयांमध्ये या जनुकाचा *२ हा निकामी प्रकार बराच आढळतो (ढोबळमानाने दर तीन प्रतींमागे एक), त्यामुळे हा विषय आपल्याकडे केवळ पुस्तकी राहत नाही.

अडचण अशी आहे की रुग्णांनी तपासण्या निरनिराळ्या खासगी प्रयोगशाळांत करून घेतल्या असून प्रत्येकीची भाषा वेगळी आहे. एका अहवालात ‘*१/*२’ लिहिले आहे, दुसऱ्यात ‘आरएस४२४४२८५ : जी/ए’, तिसऱ्यात ‘सी.६८१जी>ए, विषमयुग्मी’, आणि चौथ्यात फक्त ‘इंटरमीडिएट मेटाबोलायझर’ (औषधाचे रूपांतर मध्यम प्रमाणात करणारा) एवढेच. एका जुन्या अहवालात तर ‘*२ए’ असेही सापडले. (येथे देवनागरीत लिहितो आहे, तक्त्यात अर्थातच रोमन लिपीतली मूळ चिन्हे ठेवली आहेत.) माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे, की हे सगळे एकच आहे, सरसकट ‘*१/*२’ लिहून मोकळे व्हावे. संख्याशास्त्राच्या मॅडम मात्र विचारतात की चौथ्या रुग्णाचे ‘*१/*२’ कशावरून, ‘*१/*३’ का नसेल, आणि या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

नामकरणाचा एखादा सर्वमान्य प्रघात असल्यास तो कोणता, आणि जुने अहवाल त्यात बसवताना कोठे पाय घसरण्याचा संभव आहे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

रेणुजीव

मी निदान प्रयोगशाळेत याच प्रकारच्या तपासण्या करतो, तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो. आपल्या संख्याशास्त्राच्या मॅडमना माझा नमस्कार सांगा. त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे.

आपण दिलेली नावे एकाच वस्तूची पर्यायी नावे नाहीत. ‘आरएस’ने सुरू होणारा क्रमांक हा अमेरिकेतल्या डीबीएसएनपी या संग्रहातला असून तो जनुकसंचातली एक जागा दाखवतो. त्या जागी कोणते अक्षर सापडले हे तो स्वतःहून सांगत नाही, म्हणून त्याच्यापुढे ‘जी/ए’ लिहावे लागते. एका जागी दोनहून अधिक पर्याय असतात तेव्हा तर निव्वळ क्रमांक लिहिणे निरर्थक ठरते. एबीसीबी१ या जनुकातला आरएस२०३२५८२ हे त्याचे ठळक उदाहरण, कारण तेथे जीच्या जागी टी किंवा ए यांपैकी काहीही येऊ शकते. ‘सी.६८१जी>ए’ हे एचजीव्हीएस या, जनुकीय बदल लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीचे नाव आहे आणि त्यात नेमका बदल सांगितलेला असतो, परंतु तो कोणत्या संदर्भक्रमावर (तुलनेसाठी ठरवलेल्या नमुना-क्रमावर) मोजला हे सोबत नसेल तर ६८१ हा आकडा अधांतरी राहतो. सीवायपी२सी१९साठी एनएम_०००७६९ हा संदर्भ त्याच्या आवृत्तीसह लिहिला गेला पाहिजे.

‘*२’ हे स्टार ॲलीलचे नाव मात्र या दोहोंहून वेगळ्या जातीचे आहे. ते एका जागेचे किंवा एका बदलाचे नाव नसून, गुणसूत्राच्या एकाच प्रतीवर एकत्र आढळणाऱ्या बदलांच्या संपूर्ण जोडणीचे, म्हणजे हॅप्लोटाइपचे नाव आहे. सी.६८१जी>ए हा *२ची ओळख पटवणारा बदल खरा, पण *२ म्हणजे केवळ तो बदल नव्हे. ‘*१/*२’ असे लिहिताना आम्ही प्रयोगशाळेतली माणसे प्रत्यक्षात पाहिलेल्या एक-दोन अक्षरांवरून दोन पूर्ण प्रतींबद्दल अनुमान करीत असतो. ते अनुमान बहुतेक वेळा बरोबर निघते. तरीही ते अनुमानच असते, आणि वाचणाऱ्याला ते निरीक्षण वाटते.

यातला सर्वांत फसवा भाग *१ हा आहे. पूर्वापार प्रघात असा, की ज्या ज्या जागा तपासल्या तेथे काही वावगे सापडले नाही तर *१ लिहायचे. म्हणजे *१चा व्यवहारातला अर्थ ‘सामान्य प्रत’ असा नसून ‘आम्ही शोधले ते सापडले नाही’ असा आहे. एका प्रयोगशाळेच्या संचात *२ आणि *३ एवढेच असतील, दुसरीच्या संचात *१७ही असेल, तिसरी आणखी डझनभर प्रकार पाहत असेल, तर या तिघींच्या ‘*१/*१’ या निष्कर्षाचे वजन वेगवेगळे असते. अमेरिकेतल्या रेणवीय रोगनिदानतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एएमपीने, २०१८ मध्ये या जनुकासाठी किमान कोणते प्रकार तपासावेत याची शिफारस केली असून पहिल्या पायरीवर *२, *३ आणि *१७ ठेवले आहेत. निदान एवढे तपासले होते का, हे प्रत्येक अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात शोधा.

हा वाद केवळ काटेकोरपणाचा नाही, हे दाखवायला एकच उदाहरण पुरेल. *१७ ओळखला जातो तो जनुकाच्या आधीच्या भागातील -८०६ या स्थानावरच्या सी>टी या बदलावरून, आणि त्याने विकराचे प्रमाण वाढते. परंतु पूर्वी ज्याला *४बी म्हणत त्या प्रतीवर हाच -८०६चा बदल असतो आणि त्याच प्रतीवर प्रथिनाचा आरंभसंकेत मोडणारा सी.१ए>जी हाही बदल असतो. अर्थात ती प्रत पूर्णपणे निकामी असते. ज्या संचात *४ची जागा नाही तो अशा माणसाला बिनदिक्कत *१७ ठरवतो, आणि ज्याचा विकर कमी आहे त्याला ‘रॅपिड’ (औषधाचे रूपांतर जलद करणारा) हे बिरुद मिळते.

हृदयस्थ

वरील विवेचन उत्तम आहे, परंतु बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या माणसाची बाजूही नोंदली जावी म्हणून लिहितो. माझ्यासमोर रुग्ण बसलेला असतो, त्याच्या धमनीत नवा स्टेंट असतो, आणि मला ठरवायचे असते ते इतकेच, की क्लोपिडोग्रेल चालू ठेवायचे की प्रासुग्रेल अथवा टिकाग्रेलॉरकडे वळायचे. त्या क्षणी आरएस क्रमांक, संदर्भक्रम आणि त्याची आवृत्ती यांचा मला काडीइतका उपयोग नसतो. ‘पुअर’, ‘इंटरमीडिएट’, ‘नॉर्मल’, ‘रॅपिड’, ‘अल्ट्रारॅपिड’ यांपैकी एक शब्द मला पुरतो, आणि हे पाच शब्द तर सीपीआयसी या मंडळाने तज्ज्ञांची मते घेऊन केव्हाच प्रमाणित केले आहेत. तेव्हा नोंदवहीचा मुख्य रकाना या शब्दाचाच असावा आणि बाकीचे तपशील प्रयोगशाळेने स्वतःजवळ जपावेत, असे मला वाटते.

अक्षांश

हृदयस्थ यांची निकड मान्य करूनही त्यांच्या शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे. मी संगणकीय जीवशास्त्रात काम करतो आणि जनुकवाचनाच्या कच्च्या फायलींवरून ही नावे काढण्याचे काम माझ्याकडे असते. तो एक शब्द हा या साखळीतला सगळ्यात अस्थिर दुवा आहे, आणि नोंदवहीत सर्वांत अस्थिर गोष्ट मुख्य म्हणून नोंदणे धोक्याचे आहे.

औषधे फोडणाऱ्या सीवायपी२डी६ या दुसऱ्या जनुकाचे उदाहरण घ्या. *१/*४ असा जनुकप्रकार असलेल्या माणसाची क्रियाशीलता १ धरली जाते, कारण एक प्रत चालते आणि एक चालत नाही. सीपीआयसीच्या आधीच्या वर्गवारीत १ हा आकडा ‘नॉर्मल’मध्ये मोडत होता, तर नेदरलँड्सच्या औषधतज्ज्ञांचा गट त्यालाच ‘इंटरमीडिएट’ म्हणत होता. पुढे दोघांनी एकत्र बसून एकमत केले, १ हा आकडा ‘इंटरमीडिएट’मध्ये टाकला, ‘नॉर्मल’ची मर्यादा १.२५ ते २.२५ अशी ठरवली आणि *१०चे मूल्यही ०.५ वरून ०.२५ वर आणले. माणूस तोच, त्याचा डीएनए तोच, तपासणीही तीच. शब्द मात्र बदलला. ज्याने केवळ शब्द नोंदवला होता त्याला जुन्या नोंदी सुधारण्याचा मार्गच उरत नाही, आणि ज्याने *१/*४ नोंदवले होते त्याचे काम एका सूत्राने होते. आज जो ‘नॉर्मल’ आहे तो त्याआधी ‘एक्स्टेन्सिव्ह’ या नावाने ओळखला जात असे, हे तर निराळेच.

स्टार नावेही स्थिर नाहीत, ती कशी बदलली हे ठाऊक असले म्हणजे जुने अहवाल वाचणे सोपे जाते. १९९६ पूर्वी प्रत्येक गट आपापली नावे देत असे. ज्याला आज सीवायपी२डी६*४ म्हणतो तो तेव्हा सीवायपी२डी६बी होता, आणि सीवायपी२सी१९*२चे नाव ‘एम१’ असे होते. १९९६ मध्ये सीवायपी२डी६साठी ताऱ्याची पद्धत सुचवली गेली आणि ती इतर जनुकांनाही लागू झाली. १९९९ पासून स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत या नावांची अधिकृत यादी ठेवली जात असे. २०१७ मध्ये हे काम अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या चिल्ड्रन्स मर्सी रुग्णालयातील फार्मव्हार या संस्थेकडे आले. आपल्या जुन्या अहवालातला ‘*२ए’ हा त्या आधीच्या काळाचा अवशेष आहे. फार्मव्हारने उपप्रकारांची अक्षरे काढून टिंबानंतर तीन अंक देण्याची रीत आणली, त्यामुळे *२ए हा आता *२.००१ झाला, आणि रेणुजीव यांनी सांगितलेला *४बी हा *४.००२. औषधाच्या निर्णयासाठी टिंबापुढचे अंक सोडून दिले तरी चालते, कारण एकाच मुख्य क्रमांकाखालच्या सर्व उपप्रकारांचे कार्य सारखेच मानले जाते.

खुद्द *१ची व्याख्याही निसटती आहे. सीवायपी२सी१९च्या प्रथिनात ३३१व्या जागी बहुसंख्य माणसांत व्हॅलीन असते, पण संदर्भक्रमात मात्र तेथे आयसोल्यूसीन आहे. म्हणून फार्मव्हारने व्हॅलीनवाल्या, सर्वत्र आढळणाऱ्या प्रतीला *१ ठेवले आणि संदर्भक्रमाशी तंतोतंत जुळणाऱ्या प्रतीला *३८ असा क्रमांक दिला. दोन्हींचे कार्य सामान्यच असल्याने रुग्णाला याने फरक पडत नाही. तरीही ‘संदर्भाशी जुळते ते *१’ असे गृहीत धरून लिहिलेला संगणकीय कार्यक्रम येथे सरळ तोंडावर आपटतो.

ज्यांना संदर्भाशी जुळणे म्हणजे निरोगी असणे वाटते त्यांच्यासाठी सीवायपी३ए५ हे याहून बोलके उदाहरण आहे. मूत्रपिंड-प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमसचा डोस ठरवताना हे जनुक पाहतात. त्याचा *३ हा जवळजवळ निकामी प्रकार असून मानवी जनुकसंचाच्या संदर्भक्रमात नेमका तोच नोंदलेला आहे. परिणामी ज्याच्या दोन्ही प्रती *३ आहेत त्याच्या फाइलीत त्या जागी ‘बदल नाही’ असे दिसते, आणि ज्याची प्रत चालू आहे त्याच्या नावापुढे ‘बदल आढळला’ असा शेरा येतो. शिवाय हे जनुक डीएनएच्या उलट्या धाग्यावर असल्याने शोधनिबंधांत जो बदल ए>जी म्हणून छापला जातो तोच डीबीएसएनपीत टी आणि सी या अक्षरांनी दिसतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनसाठी पाहिला जाणारा व्हीकेओआरसी१चा -१६३९जी>ए हाही असाच. आरएस९९२३२३१ उघडून पाहिल्यास तेथे सी आणि टी दिसतील. सुदैवाने सीवायपी२सी१९ सरळ धाग्यावर आहे, त्यामुळे आपल्या प्रबंधापुरता हा त्रास नाही.

आकड्यांचे म्हणाल तर सीवायपी२डी६*४चा एकच बदल मी तीन आकड्यांनी लिहिलेला वाचला आहे. नव्वदच्या दशकातल्या शोधनिबंधांत तो १९३४ आहे, कारण मोजणी आरंभसंकेताच्या आधीच्या एका जागेपासून केली होती; नंतर आरंभसंकेतापासून मोजल्यावर तो १८४६ झाला; आणि त्या जुन्या संदर्भक्रमातल्या चुका दुरुस्त करून नवा क्रम घेतल्यावर तो १८४७ झाला. एचजीव्हीएस पद्धतीत याच बदलाला सी.५०६-१जी>ए म्हणतात. म्हणून जनुकसंचातले स्थान लिहिताना आवृत्ती हवीच. आपला आरएस४२४४२८५ हा दहाव्या गुणसूत्रावर मानवी संदर्भ-जनुकसंचाच्या जीआरसीएच३७ या आवृत्तीत ९६५४१६१६ या स्थानी आहे आणि जीआरसीएच३८ मध्ये ९४७८१८५९ या स्थानी.

नोंदवहीवाला

सर्वांचे मनापासून आभार. आणखी एक शंका लगेच विचारतो. आमच्याच विभागात ॲझाथायोप्रीन हे प्रतिकारशक्ती आवरणारे औषध घेणाऱ्या रुग्णांची एक छोटी यादी आहे आणि तिच्यात टीपीएमटी या जनुकाचा अहवाल असा आहे : ‘*१/*३ए अथवा *३बी/*३सी’. प्रयोगशाळेने असे दोन्हींवर बोट ठेवून सोडून देणे योग्य आहे का? आणि एचजीव्हीएसची नावे इतकी नेमकी असतील तर स्टार नावे मोडीत काढून सगळीकडे तीच का वापरू नयेत?

भूलशास्त्री

शंकेचे उत्तर रेणुजीव देतीलच. मी ‘एचजीव्हीएस नेमके असते’ या गृहीताबद्दल भूलतज्ज्ञ म्हणून थोडे लिहिते.

स्कोलीन, म्हणजे सुक्सिनिलकोलीन, दिल्यावर काही मिनिटांत ओसरणारा स्नायूंचा शिथिलपणा एखाद्या रुग्णात तासन्‌तास टिकतो आणि त्याला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते, याला आम्ही स्कोलीन ॲप्निया म्हणतो. हे औषध ज्या विकराने फुटते त्याचे जनुक बीसीएचई होय. आर्य वैश्य समाजात, जो तेलंगण-आंध्राप्रमाणेच आपल्या मराठवाड्यात आणि विदर्भातही आहे, या विकराच्या अभावाचा एक विशिष्ट बदल वारंवार आढळतो. तो जुन्या वाङ्मयात एल३०७पी या नावाने आणि नव्या अहवालांत पी.ल्यू३३५प्रो या नावाने येतो. बदल एकच आहे. जुन्या लोकांनी पक्व प्रथिनापासून मोजले आणि एचजीव्हीएस पहिल्या अमिनो आम्लापासून मोजते; मधल्या २८ अमिनो आम्लांचा संकेतभाग प्रथिन बाहेर पडताना कापला जातो, तेवढाच हा फरक आहे. डी७०जी हा ‘अटिपिकल’ प्रकारही याच न्यायाने आता ९८व्या जागी गेला आहे. एखाद्या कुटुंबातल्या काकांचा अहवाल जुना आणि पुतण्याचा नवा असेल, तर दोघांत दोन वेगळे बदल आहेत असा समज सहज होतो, आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तो दूर करायला वेळ नसतो.

यापेक्षाही जुनी रीत म्हणजे गावांची नावे देण्याची. जी६पीडी हे जनुक औषध फोडत नाही, पण मलेरियावरचे प्रायमाक्विन देण्यापूर्वी ज्याची चौकशी करावी लागते ते हेच, म्हणून येथे उल्लेख करते. त्याच्या प्रकारांना एकेकाळी विकराच्या रासायनिक गुणधर्मांवरून ओळखत आणि सापडले त्या ठिकाणाचे नाव देत. असे चारशेहून अधिक प्रकार नोंदले गेले. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात सापडलेल्या प्रकाराला ‘कल्याण’ असे नाव मिळाले. त्याच्या बऱ्याच आधी ‘केरळ’ नावाचा प्रकार प्रसिद्ध झालेला होता. १९९२ मध्ये संशोधकांनी डीएनए तपासून दाखवले की दोन्हींत ९४९ या जागी जी>ए हाच बदल आहे, तेव्हापासून तो ‘केरळ-कल्याण’ असा जोडनावाने लिहितात. ‘मेडिटरेनियन’ या प्रकाराची तर ‘डॅलस’, ‘बर्मिंगहॅम’, ‘सस्सारी’, ‘काल्यारी’ अशी चार-पाच उपनावे निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये वर्गवारी बदलली खरी, परंतु नावे गावांचीच राहिली. आणि प्रांजळपणे सांगायचे तर मलाही ‘ओरिसा’ हे नाव सी.१३१सी>जी यापेक्षा चटकन आठवते.

रेणुजीव

टीपीएमटीच्या अहवालाबद्दल : त्या प्रयोगशाळेने प्रामाणिकपणाच केला आहे, तिला दोष देऊ नये. सी.४६०जी>ए आणि सी.७१९ए>जी असे दोन बदल आहेत. दोन्ही एकाच प्रतीवर असले तर ती प्रत *३ए, केवळ पहिला असला तर *३बी, केवळ दुसरा असला तर *३सी. रुग्णात दोन्ही जागी मिश्र अक्षरे सापडली, तर नेहमीच्या तपासणीतून हे कळत नाही की दोन्ही बदल एकाच प्रतीवर आहेत की एकेका प्रतीवर एकेक. पहिल्या शक्यतेत एक प्रत शाबूत राहते आणि डोस थोडाफार कमी करून भागते. दुसऱ्या शक्यतेत दोन्ही प्रती निकामी असतात आणि नेहमीच्या डोसने अस्थिमज्जा कोलमडू शकते. *३बी अत्यंत विरळ असल्याने बहुतेक ठिकाणी *१/*३ए मानून पुढे जातात. शंका राहिलीच तर तांबड्या पेशींतल्या विकराची प्रत्यक्ष क्रिया मोजावी, मात्र रुग्णाला अलीकडे रक्त दिलेले नसावे. आपल्या तक्त्यात दोन्ही शक्यता आहेत तशाच लिहा, एक निवडू नका. आणि त्या यादीत एनयूडीटी१५ हे जनुक नसेल तर ती अपुरी आहे. आपल्याकडच्या रुग्णांत त्यातला सी.४१५सी>टी हा बदल टीपीएमटीच्या बदलांपेक्षा अधिक वेळा हाती लागतो.

स्टार नावे मोडीत काढावीत का, याचे उत्तर जनुकागणिक बदलते. डीपीवायडीच्या बाबतीत, जे ५-फ्लुओरोयुरॅसिल आणि कॅपेसिटाबिन ही कर्करोगावरची औषधे देण्यापूर्वी तपासतात, ती जवळजवळ मोडीत निघालीच आहेत. तेथे *२ए आणि *१३ ही नावे प्रचारात असली तरी सी.२८४६ए>टी या तितक्याच महत्त्वाच्या बदलाला स्टार नावच नाही, त्यामुळे सगळे सरळ बदलाच्या नावाने लिहिणे सोयीचे पडते. याउलट सीवायपी२डी६मध्ये संपूर्ण जनुक गळालेले असते (*५), त्याच्या अनेक प्रती असतात, शेजारच्या सीवायपी२डी७ या निकामी जनुकाशी त्याची सरमिसळ झालेली असते, आणि *३६+*१० सारख्या जोड्या एकामागोमाग एक बसलेल्या असतात. तेथील दीडशेहून अधिक प्रकार एकेका अक्षराच्या भाषेत लिहायचे ठरवले तर डॉक्टर अहवाल फेकून देतील, आणि माझी त्यांना सहानुभूती राहील.

एचजीव्हीएसचा आणखी एक सापळा थेट आपल्या प्रबंधातला आहे. सी.६८१जी>ए याचे प्रथिनाच्या भाषेतले नाव ‘पी.प्रो२२७=’ असे होते, म्हणजे अमिनो आम्ल बदललेच नाही. हे नाव वाचून कोणीही तो बदल निरुपद्रवी ठरवील, आणि निरुपद्रवी बदल गाळणारी संगणकीय चाळणी तर तो हमखास काढून टाकते. प्रत्यक्षात त्या एका अक्षराने आरएनएची कापाकापी चुकीच्या जागी होते आणि कामाचा विकर तयारच होत नाही. नाव व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे, पण परिणाम त्याच्यात उतरत नाही. तो *२ या नावामागच्या नोंदीत उतरतो.

हृदयस्थ

अक्षांश यांचा *१/*४चा मुद्दा पटला. शब्द एकटा ठेवू नये हे मान्य. तरीही माझा आग्रह एवढाच राहील की अहवालाच्या पहिल्या ओळीत तो शब्द असावा आणि त्याला लागूनच, तो कोणत्या वर्षाच्या नियमावलीप्रमाणे काढला हे लिहावे. पाचव्या पानावर दडवलेली अचूकता माझ्यापर्यंत पोहोचत नाही.

नोंदवहीवाला

आता मी असे करण्याचे योजले आहे. प्रत्येक रुग्णासाठी प्रत्यक्ष पाहिलेल्या जागा आणि तेथे सापडलेली अक्षरे हीच मूळ नोंद राहील. न तपासलेली जागा रिकामी सोडली जाईल, तेथे ‘जी/जी’ भरले जाणार नाही. त्यावरून स्टार नाव आणि चयापचयाचा शब्द मी स्वतः एकाच नियमाने सर्वांसाठी काढीन, नियमावलीचे वर्ष शेजारी लिहीन, आणि प्रयोगशाळेने छापलेले मूळ शब्द वेगळ्या रकान्यात जसेच्या तसे ठेवीन. ज्यांच्या अहवालात नुसते ‘इंटरमीडिएट’ आहे अथवा ‘*१/*१’च्या मागची यादी दिलेली नाही, त्यांचे काय करावे हा प्रश्न मात्र उरतो. त्यांना वगळले तर संख्या घटते.

अक्षांश

सरसकट वगळू नका, पण त्यांना *१/*१ किंवा *१/*२च्या गटातही बसवू नका. ‘अनिर्धारित’ असा वेगळा गट करा आणि विश्लेषण त्यांच्यासह व त्यांच्याविना असे दोनदा करा. दोन्हींचे निष्कर्ष वेगळे निघाले तर ते प्रबंधात स्पष्ट लिहिण्याजोगे आहे.

रेणुजीव

त्याआधी प्रयोगशाळांना पत्र पाठवून पाहा. तपासणीच्या तारखेला संचात कोणत्या जागा होत्या, संदर्भक्रमाची कोणती आवृत्ती वापरली, आणि स्टार नाव माणसाने दिले की कार्यक्रमाने, एवढेच विचारा. रुग्णाचे नाव न घालता नमुन्याचा क्रमांक द्या आणि मार्गदर्शकांची सही घ्या. संचाची यादी आमच्याकडे प्रत्येक तुकडीच्या नोंदीसोबत ठेवलेली असते, ती काढून देणे फार कष्टाचे नाही. ज्या प्रयोगशाळेने *१७ तपासलेलाच नव्हता असे उत्तर येईल, तिच्या ‘*१/*१’ रुग्णांपुढे ‘*१७ तपासले नाही’ असे लिहा. क्लोपिडोग्रेलच्या दृष्टीने निकामी प्रती सुटलेल्या नाहीत ना हे अधिक महत्त्वाचे असल्याने, *२ आणि *३ पाहिलेले असतील तर ते रुग्ण तुमच्या मुख्य तुलनेत ठेवता येतील.

नोंदवहीवाला

पत्राचा मसुदा आज मार्गदर्शकांना दाखवतो. *३ न तपासणाऱ्या प्रयोगशाळा निघाल्या तर त्यांचे रुग्ण ‘अनिर्धारित’मध्ये जातील, असे संख्याशास्त्राच्या मॅडमशी बोलून ठरवले आहे.